महाबळेश्वरचे जुने बंगले

आपल्याकडे ‘लॉज’ म्हटले की बसस्थानकासमोरील मुक्कामाची खोली आठवते. इंग्लंडमध्ये मात्र जमीनदाराच्या विस्तीर्ण इस्टेटीच्या फाटकाशी राखणदारासाठी बांधलेले टुमदार घर, किंवा शिकारीच्या मोसमात उतरण्याचे निवासस्थान, यांस लॉज म्हणतात. त्या वास्तुपरंपरेची छाया सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरी पाहावयास मिळते.

मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी १८२९ मध्ये साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांच्याशी करार केला आणि वाईजवळील खंडाळा गावाच्या मोबदल्यात हा परिसर मिळविला. माल्कमपेठ वसली, पाठोपाठ झाडीत एकमेकांपासून दूर, ऐसपैस आवारांचे बंगले उभे राहिले.

आराखडा इंग्रजी असला, तरी घडण इथल्या मातीची आहे. भिंती जांभ्या दगडाच्या. हा दगड खाणीतून निघताना मऊ असतो, हवा लागल्यावर कठीण होतो. म्हणून घडविण्यास सोपा. परंतु तो सच्छिद्र असल्याने पाणी शोषतो, आणि येथे पाऊस वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे जातो. म्हणून जोते उंच, छप्पर तीव्र उताराचे, वळचण पुढे आलेली आणि सभोवती रुंद व्हरांडा. पावसाळ्यापूर्वी भिंतींना गवताचे ताटे बांधण्याची रीत होती. खोल्यांतील शेकोटीची धुरांडी तेवढी थेट विलायतेची आठवण देतात.

पुढे मुंबईच्या धनिक व्यापाऱ्यांनीही येथे घरे केली. मोरारजी कॅसलमध्ये १९४५ च्या उन्हाळ्यात महात्मा गांधींचा मुक्काम होता.

आज या वास्तूंचा हिशेब अवघड झाला आहे. उत्पन्न मोसमापुरते, दुरुस्ती मात्र दरवर्षीची. वारसदार अनेक, राहणारे थोडे. अशा वेळी मोडून हॉटेल बांधावे, हा विचार सहज बळावतो. २००१ मध्ये महाबळेश्वर-पाचगणी परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील घोषित झाला, त्यामुळे बांधकामावर बंधने आली. पण नियम पाडकाम थोपवील, गळके छप्पर शाकारणार नाही. ते काम मालकालाच करावे लागते.

सांगली-साताऱ्याहून सहलीस जाणाऱ्या कुटुंबांनी पॉइंट पाहून झाल्यावर एखाद्या जुन्या बंगल्याच्या फाटकाशी थांबून मुलांना त्याची वळचण दाखवावी. घर कोणत्या पावसासाठी बांधले आहे, हे तिच्यावरून कळते.