पोळ्याआधी तीन दिवस चिखलदऱ्याला

वाचकहो, तुमच्या घरातली बाई गेल्या दहा वर्षांत गाव सोडून कुठे कुठे गेली, ते जरा बोटांवर मोजून पाहा. लग्नाला, तेराव्याला, लेकीच्या बाळंतपणाला, दवाखान्यात. फार तर महादेवाला किंवा शेगावला. नुसती हवा खायला, कुणाचे काही काम नसताना, ती कधी गेली? आमच्या घरचा हिशेब केला तेव्हा आकडा शून्य निघाला. आईचे वय तेव्हा ६२ होते.

अटलांटिक महासागरात पोर्तुगालचे मदेरा नावाचे बेट आहे. समुद्रामुळे तिथे कडक उन्हाळा नाही की कडाक्याची थंडी नाही, म्हणून युरोपातली कुटुंबे पोराबाळांसह तिथे सुटी घालवतात. डोंगराच्या पावसाळी उत्तर अंगाचे पाणी तिथल्या लोकांनी शेकडो वर्षांपूर्वी पाट खोदून कोरड्या दक्षिण उतारावरच्या शेतांना नेले. आज पाहुणे त्या पाटांच्या काठानेच फिरतात. हे वाचून मला तिथे जावेसे वाटले खरे, पण काटोल तालुक्यातल्या माणसाने तेवढ्या दूर जायचे कशाला? मे महिन्यात पंचेचाळीस अंशांवर भाजणाऱ्या आपल्या मुलखालाही असे एक बेट आहे, सातपुड्यावरचे चिखलदरा. तिथे समुद्र जे काम करतो, ते इथे उंची करते. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर, चिखलदरा १११८ मीटर. हजार मीटर चढले की हवा साधारण सहा अंशांनी उतरते.

कधी जायचे, हे पिकाला विचारा. उन्हाळ्यात गारवा हवासा वाटतो, पण तेव्हा वखरणी, बियाणे आणि कर्जाची कागदपत्रे. दसरा-दिवाळीला सोयाबीन आणि कापूस. पुढे संत्र्याचा तोडा, हरभरा, गहू. सवड निघते ती श्रावणात. निंदण उरकलेले असते, डवरे थांबलेले असतात आणि पोळ्याला आठ-दहा दिवस असतात. पोळा लागला की तान्हा पोळा, मारबत, गणपती, महालक्ष्म्या. मग बायकांचा पाय घराबाहेर निघत नाही. चिखलदराही श्रावणातच खरा, हिरवागार आणि धबधब्यांचा. फक्त १५ ऑगस्टची गर्दी आणि शनिवार-रविवार टाळा. मंगळवारी निघा, गुरुवारी परत या.

आमचे घोडे अडले गोठ्यात. "मी नाही येत बाप्पा. गाय कोन दोहीन?" आईचा हा एकच प्रश्न, आणि तो खोटा नव्हता. गाय हाताची सवयीची असते. परका हात लागला की पान्हा चोरते. आम्ही शेजाऱ्यांशी इर्जिक केली. त्यांनी तीन दिवस आमची गाय सांभाळायची, पुढे ते गेले की आम्ही त्यांची म्हैस. शेजारच्या वहिनी चार दिवस आधीपासून रोज संध्याकाळी आईजवळ येऊन बसल्या आणि दोघी मिळून दोहू लागल्या. तुम्हीही असेच करा. निघायच्या दिवशी चावी हातात देऊन भागत नाही.

नागपूरहून अमरावती, तिथून परतवाडा आणि पुढे घाट, असा सुमारे सव्वादोनशे किलोमीटरचा रस्ता आहे. घाटात पोरांना मळमळते. त्यांना पुढच्या बाकावर बसवा आणि आवळा सुपारी द्या. एस. टी.त १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट झाले, ७५ वर्षांवरील आजी-आजोबांना तर २०२२ पासून प्रवास मोफत आहे. तेव्हा म्हातारी माणसे नेली तर खर्च वाढतो, ही सबब आता चालायची नाही.

राहायला पर्यटन महामंडळाचे निवास आहे, खासगी लॉजही आहेत. खोली आधी ठरवा आणि जेवण तिथेच मिळते ना, हे विचारून घ्या. वाटेपुरते धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी न्या. स्टोव्ह मात्र नेऊ नका. स्टोव्ह नेला की डोंगरावरही बाई त्याच्यापुढेच बसते, आणि बाप्ये धबधबा पाहून येतात.

पाहण्यासारखे पुष्कळ आहे. भीमाने कीचकाला मारून दरीत टाकले ते भीमकुंड इथले, अशी कथा आहे. कीचकदऱ्याचे चिखलदरा झाले म्हणतात. जवळच गाविलगड. नागपूरकर भोसल्यांचा हा किल्ला १५ डिसेंबर १८०३ रोजी इंग्रजांनी घेतला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला, आणि दोनच दिवसांनी देवगावच्या तहावर दुसऱ्या रघूजीला सही करावी लागली. आपल्या राजाचा वऱ्हाड गेला तो इथून. दगड निसरडे असतात, पोरांचा हात सोडू नका. शेतकऱ्याने कॉफीची झाडेही आवर्जून पाहावीत. मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणारे हे पीक आपल्या विदर्भात येते, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पटत नाही. गवळ्यांचा खवा घ्या. वाघ दिसेल असे मात्र पोरांना कबूल करू नका. पावसाळ्यात मेळघाटच्या गाभ्यातली सफर बंद असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडले तर ओसरीत ढग आलेला. समोरचे झाडही दिसेना. आई शाल गुंडाळून खुर्चीवर बसली होती. लॉजच्या पोऱ्याने तिच्या हातात चहा आणून दिला. तिने तो सावकाश प्यायला, कप उलटसुलट करून पाहिला आणि मला हळूच विचारले, "कप कुठी धुवाचा बाप्पा?"

घरी आल्यावर गायीने दोन वेळा पान्हा चोरला. आई तिच्या पाठीवर हात फिरवत धबधब्याचे सांगत बसली होती.