शेवटचा तास

गुरुवार. पाऊस. शाळा सुटायला अवकाश, तोच फाटकाशी दुचाक्या उभ्या. "बाई, पोरीला सोडता का? वढ्याला पाणी वाढतंय." वेल्ह्याकडचे ओढे कसे फुगतात ते ठाऊक आहे, त्यामुळे बोलता येत नाही. पण लग्नसराईतही हीच घाई! एकीनं दप्तर उचललं की सगळ्या वर्गाचे डोळे दाराकडे. हातच्याची वजाबाकी फळ्यावर अर्धीच. शिक्षण हक्क कायद्यानं पहिली ते पाचवीला वर्षाला 200 दिवस, 800 तास ठरवलेत. रोज अर्धा तास गेला तर 100 तास बुडाले. भोरची एसटी धरणाऱ्यांचं वेगळं. तिथं शाळेनंच वेळ बदलावी. उद्यापासून गणित परिपाठ झाल्याझाल्या घेते, चित्रकला शेवटी. चित्रकलेवर अन्यायच, पण करणार काय?