खालची पट्टी

वेबसाइट बनवायला शिकायला येणारी मुलं एचटीएमएलची, डिझाइनची चौकशी नंतर करतात. आधी विचारतात, "ताई, एडिटर कोणता टाकू?" त्यांना नाव हवं असतं. नाव मी सांगतेही, पण त्याआधी थोडं बोलते. मी सांगलीत बसून संकेतस्थळं बनवते. गिऱ्हाईकं म्हणजे पतसंस्था, शाळा, हळदीचे व्यापारी, दोन-चार प्रकाशक. पानावरचा जवळजवळ सगळा मजकूर मराठी. या कामात एडिटरकडून माझी पहिली मागणी एवढीच असते की, फाइलमध्ये खरोखर जे आहे ते मला दिसलं पाहिजे. रंगसंगती, वेग, प्लगिनं हे सगळं त्यानंतर.

ही मागणी वाटते तितकी साधी नाही. वेब लोकप्रिय झालं तेव्हाची नावाजलेली साधनं नेमकं उलटं आश्वासन देत होती: कोड बघायची गरजच नाही! फ्रंटपेज हे मायक्रोसॉफ्टनं १९९६ मध्ये विकत घेतलं, ड्रीमवीव्हर मॅक्रोमीडियानं १९९७ मध्ये आणलं. पडद्यावर पान मांडायचं, कोड मागच्या मागे लिहिला जाणार. त्या काळात बनलेली पानं आजही दुरुस्तीला येतात. आत उघडून पाहिलं तर तक्त्यात तक्ता, त्यात आणखी तक्ता आणि शीर्षक मधोमध आणण्यासाठी ओळीनं दाबलेल्या मोकळ्या जागा. ज्यानं ते बनवलं त्याला हे दिसलंच नव्हतं, त्यामुळे त्याला बोल लावण्यात अर्थ नाही. ड्रीमवीव्हर त्या मानानं प्रामाणिक होतं. पडदा दुभागून वर कोड आणि खाली पान असं दोन्ही ते दाखवी. त्यावर शिकलेली माणसं कोडला घाबरत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

नोटपॅड हे दुसरं टोक. "खरा डेव्हलपर नोटपॅडमध्ये लिहितो" ही बढाई अजूनही कानावर येते. नोटपॅड काही रंगवत नाही, काही सुचवत नाही, पण म्हणून ते सगळं दाखवतं असं नाही. जुन्या विंडोजमध्ये त्याची मूळ सवय फाइल 'आन्सी' म्हणून जपायची होती. मराठी मजकूर असला तर ते इशारा देई, पण त्या चौकटीतलं इंग्रजी वाचतो कोण? 'ओके' दाबलं की सगळी देवनागरी जाऊन तिथे प्रश्नचिन्हांची रांग. यूटीएफ-८ निवडलं तर फाइलच्या अगदी सुरुवातीला तीन बाइटांची एक न दिसणारी खूण चिकटे. साध्या एचटीएमएलला ती चालून जायची, पीएचपीच्या फाइलीत मात्र 'हेडर आधीच पाठवले गेले आहेत' अशी तक्रार सुरू व्हायची आणि माणूस पहिल्या ओळीकडे टक लावून बसायचा, जिथे दिसण्यासारखं काहीच नसायचं. ही सवय सुटायला २०१९ उजाडलं. त्या वर्षीच्या विंडोज १० च्या आवृत्तीपासून नोटपॅड मुळातच ती खूण न लावता यूटीएफ-८ मध्ये जपू लागलं.

त्या मधल्या काळात आमच्यासारख्यांना तारलं ते नोटपॅड प्लस प्लसनं. डॉन हो या प्रोग्रामरनं २००३ मध्ये आणलेला हा फुकट एडिटर. त्याच्या मेनूत 'एन्कोडिंग' असा स्वतंत्र रकाना होता आणि फाइल आत्ता कशात आहे, हे खालच्या पट्टीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असे. मला एडिटरची परीक्षा करायला या पट्टीनंच शिकवलं. अजूनही नवा एडिटर उघडला की माझी नजर आधी खाली जाते. एन्कोडिंग कोणतं, ओळ कशानं संपते, समासाला टॅब आहे की स्पेस, हे तिथे असेल आणि टिचकी मारून बदलता येत असेल तर पुढची बोलणी.

कृतिदेव या जुन्या फाँटच्या काळातल्या फाइली हे वेगळंच प्रकरण. जुन्या पानाची फाइल उघडली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला. नवा मुलगा म्हणतो, एडिटर बिघडला. बिघडलेला नसतो. त्या फाइलीत इंग्रजी अक्षरंच असतात. त्यांवर देवनागरीचे आकार चढवायचं काम फाँट करत असे आणि तो फाँट वाचकानं आपल्या संगणकावर उतरवून घ्यावा लागे. म्हणजे एडिटर खरं बोलत होता, खोटं बोलत होता तो फाँट.

आता युनिकोड आहे, तरी मराठीच्या खोड्या संपलेल्या नाहीत, आणि एडिटरची खरी परीक्षा इथेच होते. 'क्षि' हे अक्षर आपल्याला एक दिसतं. फाइलीत ते क, हलन्त, ष आणि वेलांटी अशा चार खुणांचं असतं आणि यूटीएफ-८ मध्ये प्रत्येक खूण तीन बाइटांची, म्हणजे एकूण बारा. बाणाची कळ दाबली तर एक एडिटर ते एका पावलात ओलांडतो, दुसरा दोन पावलांत. बॅकस्पेसनं मात्र सहसा एकेक खूण जाते, आणि ते मला हवंच असतं. वेलांटी चुकली म्हणून अख्खं जोडाक्षर पुन्हा लिहायला कुणाला वेळ आहे? जोडाक्षर एकसंध धरायचा नियम युनिकोडच्या मजकूर तोडण्याच्या नियमांत देवनागरीसह काही भारतीय लिप्यांसाठी आला तो २०२३ मध्ये, १५.१ या आवृत्तीत. तेव्हा एडिटरांमध्ये एकमत नाही याचं फार आश्चर्य वाटू नये.

सगळ्यात चिवट खोडी आपल्या खास मराठी 'ऱ्य'ची. 'दऱ्या', 'किनाऱ्यावर' यांतला हा अर्धा र दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक म्हणजे खाली टिंब असलेला ऱ आणि हलन्त. इनस्क्रिप्टवर हा ऱ शिफ्ट दाबून जे या कळीवर मिळतो. दुसरी तऱ्हा म्हणजे साधा र, हलन्त आणि त्यानंतर 'झिरो विड्थ जॉइनर' नावाची न दिसणारी खूण. पडद्यावर दोन्ही सारखेच. एका प्रकाशकाच्या यादीत हे दोन्ही प्रकार शेजारीशेजारी नांदत होते, कारण नोंदी वेगवेगळ्या माणसांनी वेगवेगळ्या कीबोर्डांवरून केलेल्या. शोधपेटीत एका पद्धतीनं नाव लिहिलं की दुसऱ्या पद्धतीचं पुस्तक सापडेना, आणि वाचक फोन करून विचारणार, "पुस्तक संपलं का हो?" अशा वेळी रेग्युलर एक्स्प्रेशननं शोधता येणारा एडिटर लागतो. त्या अदृश्य खुणेचा क्रमांक देऊन सगळ्या फाइली एकदम धुंडाळायच्या आणि एकच पद्धत लावून टाकायची. यात दहा मिनिटं जातात. डोळ्यांनी करायला बसलात तर जन्म जाईल.

विसर्गाचंही तसंच. 'पत्ता', 'वेळ' यांच्यापुढे दोन टिंबं हवीत म्हणून कितीतरी जण विसर्ग टंकतात. युनिकोडनं दिसायला फसव्या अक्षरांची एक यादी ठेवली आहे, तिच्यात विसर्ग आणि कोलन ही जोडी आहे. अशी फसवी आणि अदृश्य अक्षरं चौकटीत दाखवायची सोय व्हीएस कोड या एडिटरमध्ये २०२१ च्या अखेरीस आली. ती आली सुरक्षेच्या काळजीपोटी, कोडमध्ये कुणी छुपी अक्षरं पेरू नयेत म्हणून. आमच्या उपयोगी पडली मुद्रितशोधनाला.

फाँटचं आधीच करून ठेवलेलं बरं. कोडसाठीचे फाँट समान रुंदीचे असतात आणि त्यांपैकी बहुतेकांत देवनागरी नसते, मग एडिटर यंत्रातला हाताला लागेल तो फाँट उचलतो. रफार आणि मात्रा वरच्या ओळीला टेकतात. मी सेटिंगमध्ये इंग्रजी फाँटच्या नावापुढे स्वल्पविराम देऊन 'मुक्ता' लिहिते. मुंबईच्या एक टाइपनं केलेला हा फाँट फुकट मिळतो. ओळीची उंचीही वाढवते. त्यानं मराठी ओळी उभ्या रकान्यात जुळत नाहीतच, कारण आपली अक्षरं समान रुंदीची नाहीत आणि व्हायचीही नाहीत.

विम वापरणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. ब्राम मोलेनार यांनी १९९१ मध्ये अमिगा संगणकावर आणलेला हा एडिटर २०२३ मध्ये ते गेले तोपर्यंत त्यांनी जोपासला. आवडला तर युगांडातल्या मुलांसाठी मदत करा, एवढीच विनंती. पण विममध्ये हालचाल एच, जे, के, एल या कळांवर, आणि कीबोर्ड इनस्क्रिप्टवर असला की त्याच कळा प, र, क, त होतात. मजकूर लिहून एस्केप दाबला, कर्सर खाली न्यायला जे दाबला, तर विमच्या हाती येतो र, आणि त्याला काय करावं कळत नाही. यावर 'कीमॅप' नावाचा उपाय विममध्येच आहे; ईमॅक्स या एडिटरनं तर इनस्क्रिप्ट पोटातच घेतलं आहे, त्यामुळे आज्ञा इंग्रजीत आणि मजकूर मराठीत असं बिनबोभाट चालतं. ज्याला हे जमवायची हौस आहे त्यानं जरूर जमवावं. दर दोन मिनिटांनी भाषा बदलणाऱ्या माझ्यासारखीला ती कसरत नको वाटते.

गिटहबनं २०१४ मध्ये आणलेला ॲटम हा एडिटर मी प्रेमानं वापरला. मायक्रोसॉफ्टनं २०१८ मध्ये गिटहब विकत घेतलं आणि डिसेंबर २०२२ मध्ये ॲटमचं दुकान बंद झालं. माझ्या फाइलींना काहीच झालं नाही, कारण साध्या मजकुराची फाइल कुणाचीच मिंधी नसते. त्याच मायक्रोसॉफ्टचा व्हीएस कोड आज बहुतेकांच्या यंत्रावर आहे, माझ्याही. २०१६ मध्ये त्यांनी भाषेची समज एडिटरपासून वेगळी करणारा लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल खुला केला, आणि तेव्हापासून चुका दाखवणं, नावं सुचवणं ही हुशारी विमलाही मिळू लागली. त्यामुळे कोणता एडिटर जास्त हुशार हे भांडण पूर्वीइतकं रंगत नाही. आपल्या वापराची माहिती मायक्रोसॉफ्टकडे जाऊ नये असं वाटत असेल, तर त्याच कोडवरून बांधलेलं व्हीएसकोडियम आहे.

आता एडिटर स्वतःच करड्या अक्षरांत पुढची ओळ लिहून दाखवतो. टॅब दाबला की ती फाइलीत. माझ्या मागणीच्या दृष्टीनं हे अवघड वळण आहे: फाइलीत जे आहे ते मी लिहिलेलं असेलच असं नाही, आणि वाचलेलं तरी असेल का? कोडच्या बाबतीत चूक निदान ब्राउझरमध्ये उघडी पडते. मराठीच्या बाबतीत पडत नाही. पतसंस्थेच्या अर्जाखालच्या बटणावर तो मला 'जमा करें' सुचवतो, संपर्काच्या पानावर 'हमसे संपर्क'. देवनागरी दिसली की हिंदी धरून चालायचं, ही खोड. टॅब दाबायची सवय लागलेल्या बोटाला ते कळत नाही. म्हणून आमच्याकडे मजकुराच्या फाइलींसाठी, म्हणजे मार्कडाउन आणि जेसनसाठी, सूचना सेटिंगमधून बंद केलेल्या आहेत. सीएसएससाठी चालू ठेवल्यात. ग्रिडचे गुणधर्म मला अजून पाठ झालेले नाहीत.