वाट अडवणारे आम्ही

मराठीतले निसर्गविषयक ललित गद्य वर्गात शिकवताना आम्ही एक शब्द वर्षानुवर्षे निःशंकपणे वापरत आलो आहोत. तो शब्द म्हणजे साक्षीभाव. लेखक रानात जातो, एका बाजूला उभा राहतो, पाहतो आणि पाहिलेले भाषेत आणतो. रान मात्र जसे होते तसेच राहते, हे या शब्दात गृहीत धरलेले असते. दुर्गा भागवतांचे 'ऋतुचक्र' असो वा मारुती चितमपल्लींचे अरण्यलेखन, हा शब्द आम्ही फळ्यावर लिहिला आणि विद्यार्थ्यांनी तो उतरवून घेतला. डिसेंबरातल्या एका सकाळी दाजीपूरजवळच्या रस्त्यावर एका वयस्क धनगर बाईने तो आमच्याकडून जवळजवळ काढून घेतला. त्याची ही हकीकत.

आम्ही म्हणजे तिघे. दोघे मराठीचे अध्यापक आणि एक भूगोलाचा. तिघेही पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे. गुडघे अजून साथ देत आहेत तोवर काहीतरी करावे, या विचाराने आम्ही डोंगरी सायकली घेतल्या. आमच्या पिढीच्या लेखी सायकल म्हणजे दूधवाल्याची, पोस्टमनची, फार तर शाळामास्तरांची. तिला डोंगरात नेण्याची कल्पना आली ती कॅलिफोर्नियातून. १९७० च्या दशकात मरीन काउंटीतल्या काही तरुणांनी जुन्या, जाड टायरांच्या सायकली डोंगरावर चढवून नेल्या आणि मातीच्या वाटांनी सुसाट खाली सोडल्या. त्यातल्या एका उताराचे नाव 'रीपॅक' पडले, कारण खाली पोचेपर्यंत मागच्या ब्रेकमधले ग्रीस तापून जळून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे. १९७७ मध्ये जो ब्रीझ यांनी या कामासाठी मुद्दाम सांगाडे घडवले आणि पुढे त्याचा जगभर उद्योग झाला. जिथे रस्ता नाही तिथे जाता येणे, हेच या वाहनाचे भूषण. या भूषणातच काही खोट असेल, असे सायकली घेताना आमच्या मनात आले नव्हते.

कोल्हापुराहून राधानगरी ५० किलोमीटरच्या आसपास. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात सुरू झालेले भोगावतीवरचे धरण आणि त्याचे आपोआप उघडणारे दरवाजे यांची कथा आमच्या भूगोलतज्ज्ञ मित्राने वाटेत दोनदा सांगितली. पुढे निपाणी-देवगड रस्ता रानात शिरतो, दाजीपूरवरून जातो आणि फोंडा घाटाने कोकणात उतरतो. दाजीपूरचे रान १९५८ मध्ये गव्यांसाठी राखले गेले. पुढे त्याचा विस्तार होऊन आजचे राधानगरी अभयारण्य झाले. २०१२ मध्ये पश्चिम घाटातली जी स्थळे युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली, त्यांत हेही आहे. अभयारण्याच्या आत सायकली घालण्याचा आमचा विचार नव्हता. रहदारीचा डांबरी रस्ता आणि हद्दीबाहेरच्या, गावांना जोडणाऱ्या लाल मातीच्या वाटा, एवढाच आमचा बेत.

पहिल्या दिवशीच्या प्रसंगाला आम्ही विनोद समजलो. दुपार कलल्यावर एका कच्च्या उतारावर आमच्यातला एक जण पुढे होता. दोन्ही बाजूंना वाळलेली कारवी, मध्ये हातभर वाट, आणि वळणापलीकडचे काही दिसत नाही. वळण घेताच अगदी चाकापुढून एक भेकर उसळले आणि कारवीत घुसले. मित्राने दोन्ही ब्रेक एकदम दाबले, पुढचे चाक मातीत रुतले, आणि तो कोपरावर आदळला. कोपर सोलवटले, ब्रेकची चकती वाकली. आम्ही जखम धुतली, चकती हातांनी जमेल तेवढी सरळ केली आणि रात्रभर त्याला हसलो. भेकराचे काय झाले, असा प्रश्न कोणी विचारला नाही. ते पळाले, म्हणजे त्याची गोष्ट संपली, असा आमचा हिशेब.

दुसऱ्या दिवशी आम्ही उजाडताच निघालो. धुके एवढे दाट होते की पुढच्या सायकलीचा दिवाही पुसट दिसावा. चढावर पायडल मारत असताना सायकलीचा आवाज होत नाही. पायडल थांबवून उतार लागला की मागच्या चाकातून टिकटिक ऐकू येते, तेवढीच. त्या शांततेचे आम्हाला मोठे अप्रूप होते. मोटारीच्या काचेतून रान दिसते, सायकलीवरून ते ऐकू येते, असे एक वाक्य आम्ही तिथल्या तिथे तयारही केले होते.

दाजीपूर मागे टाकल्यावर एका वळणापुढे धुक्यात रस्ताच काळा होऊन वर आल्यासारखा वाटला. तो गवा होता. मागोमाग दुसरा, तिसरा. चाळीसेक पावलांवरून कळप रस्ता ओलांडत होता. गवा हा जंगली गोवंशातला सर्वांत अवाढव्य प्राणी; पूर्ण वाढलेल्या नराचे वजन १००० किलोच्या घरात जाऊ शकते. हे पुस्तकात वाचलेले असते. पण खांद्यापासून पाठीच्या मध्यापर्यंत गेलेला तो उंचवटा, राखी कपाळ आणि गुडघ्यांखाली पांढरे मोजे घातल्यासारखे पाय प्रत्यक्ष समोर आले की वजनाचा आकडा आठवत नाही. आम्ही सायकली रस्त्याकडेच्या दरडीला टेकवल्या आणि श्वास रोखून उभे राहिलो.

पाच गवे खालच्या अंगाला उतरले. शेवटची गाय रस्त्यामध्ये थांबली, आमच्याकडे तोंड केले आणि नाकातून शीळ घातल्यासारखी फुत्कारली. मग तीही उतरली, पण पुढे गेली नाही. झाडोऱ्याच्या कडेला उभी राहिली. थोड्या वेळाने कारण दिसले. वरच्या अंगाला, दरडीच्या माथ्यावर, कारवीआड एक तांबूस वासरू उभे होते.

आमचा आनंद काय वर्णावा! एकाने कॅमेरा काढला. दुसऱ्याने मनातल्या मनात पहिला परिच्छेद जुळवायला घेतला, हे आता कबूल केलेले बरे. वासरू दरडीच्या कडेवर येई, खाली वाकून पाही, मागे फिरे. गाय पुढे येई, फुत्कारे, मागे सरे. मध्येच कोकणाच्या बाजूने एक टेंपो कर्कश हॉर्न वाजवत आला. गाय रानात दिसेनाशी झाली, टेंपो गेला आणि मिनिटाभरात ती पुन्हा होती त्या जागी आली. आम्ही टेंपोवाल्याच्या नावाने बोटे मोडली. अशी पंधरा-वीस मिनिटे गेली असावीत.

मागून घंटांचा आवाज आला. सात-आठ म्हशी आणि त्यांच्यामागे डोईवर घोंगडे घेतलेली एक बाई. आमच्यातल्या एकाने हात वर करून तिला थांबवले. "मावशी, जरा हळू या. पुढं गवे आहेत."

"गवं हाईत ते दिसतंय की मला. रोजचंच हाय," ती म्हणाली. मग तिने दरडीकडे पाहिले, आमच्या सायकलींकडे पाहिले. "बगून झालं न्हवं? मग हला की आता. त्ये वासरू कुटनं उतरंल? वाट तर तुमीच आडवून बसलाईसा."

आम्ही मागे वळून पाहिले. दरड सगळीकडे पुरुषभर उंच, ताशीव. एकाच ठिकाणी ती ढासळून उतार झाला होता, लाल मातीत खुरांच्या जुन्या खुणा होत्या, आणि नेमक्या त्याच उताराच्या तोंडाशी आमच्या तीन सायकली टेकवलेल्या होत्या. मोठे गवे पुढे जिथून उतरले तिथली कड वासराच्या आवाक्याबाहेरची होती. त्याला येण्याजोगी वाट एकच होती आणि तिच्यावर आम्ही साक्षीभावाने उभे होतो.

काहीतरी बोलायचे म्हणून आम्ही टेंपोचा विषय काढला. "मावशी, एवढा मोठा हॉर्न वाजवत गेला तो."

"गाडी ग्येली की त्ये इसरतंय. मानूस हुबं ऱ्हायलं की न्हाई इसरत."

तिने म्हशी मागे वळवल्या आणि आम्हालाही. वळणाच्या अलीकडे मैलाचा दगड होता, तिथे ती टेकली. म्हशी कडेला पांगल्या. "हितं बसा. मागं बगू नगासा," एवढेच तिने सांगितले. का, ते आम्ही विचारले नाही. वळणापलीकडचे तसेही काही दिसत नव्हते. तरी आम्ही तिघेही, शाळेत शिक्षा झालेल्या मुलांसारखे, रस्त्याकडे पाठ करून बसलो. बऱ्याच वेळाने खडे घसरल्याचा आवाज आला. मग डांबरावर हलकी खुरे वाजली, मग पाचोळा, मग काही नाही. बाई उठली, म्हशींना हाकारा दिला आणि आमच्याकडे न पाहता निघून गेली. ढासळत्या उतारावर ओल्या मातीत लहान खुरांचे ठसे उमटले होते. त्यांवरून सायकल जाऊ नये म्हणून आम्ही सायकली उचलून बाजूने नेल्या. त्याने काही साधत नव्हते, हे ठाऊक असूनही.

त्या रात्री आमच्यात वाद झाला आणि तो आजतागायत मिटलेला नाही. भूगोलवाल्या मित्राचे म्हणणे असे की रानाचे खरे तुकडे केले ते रस्त्याने, धरणाने, जांभ्याच्या सड्यांवरच्या बॉक्साइटच्या खाणींनी. तीन सायकलींचा अपराध त्यापुढे किती? मुद्दा खोडून काढता येत नाही. पण टेंपोवाला रानावर प्रेम असल्याचा दावा करत नाही. तो आला, गेला. थांबलो आम्ही, आणि आमच्या थांबण्याला आम्ही रसिकता म्हणत होतो.

पुढे आम्ही या विषयावरचे थोडे वाचन केले. २०१६ साली अमेरिकेत मोंटाना राज्यात, ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानाजवळ, डोंगरी सायकलीवरून वेगाने जाणारा एक जण वळणावर थेट अस्वलावर आदळला आणि त्या अस्वलाने त्याला ठार केले. चौकशीत निघालेला निष्कर्ष साधा होता: वेग जास्त, आवाज कमी, पुढचे दिसत नाही, सावध व्हायला दोघांनाही जेमतेम एक-दोन सेकंद मिळाले. आमचे भेकर आठवले. ज्या निःशब्दतेवर आम्ही खूश होतो ती प्राण्याच्या बाजूने पाहिली तर दबा धरून येणाऱ्या श्वापदाची निःशब्दता होती. आणि डिसेंबर २०२० मध्ये पुण्याच्या कोथरूडमध्ये वाट चुकून शिरलेला तो गवा आठवला. भोवती बघ्यांची गर्दी, तासन्‌तास धावपळ, शेवटी पकडल्यानंतर त्याचा मृत्यू. त्या बातमीवर त्या वेळी आम्ही स्टाफरूममध्ये तळमळीने बोललो होतो. गर्दीतला प्रत्येक जण फक्त पाहायलाच आला होता, हे तेव्हा आमच्या लक्षात आले नव्हते.

या प्रसंगाने आमचे अध्यापन बदलले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण 'सत्तांतर' शिकवताना आम्ही आता वेगळा प्रश्न विचारतो. व्यंकटेश माडगूळकरांच्या या कादंबरीला १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तिच्यात वानरांच्या टोळ्यांचा संघर्ष आहे आणि निवेदक कुठेच दिसत नाही. पूर्वी आम्ही त्याला अलिप्तता म्हणून मोकळे होत असू. आता विचारतो, एवढे पाहायचे तर पाहणारा कुठे उभा होता? किती वेळ? त्याच्या उभे राहण्याने कोणाची वाट अडली असेल, की त्याला अडवू न देता उभे राहण्याची कला साधली होती? चितमपल्लींची हयात वनखात्याच्या नोकरीत गेली. २००६ च्या सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवणाऱ्या आणि २०२५ साली निवर्तलेल्या या लेखकाच्या गद्यात ही कला ठायी ठायी जाणवते. ती वर्षांनी येते, दोन दिवसांच्या सहलीत नाही. विद्यार्थी या प्रश्नांवर गोंधळतात. आम्हीही गोंधळलेलेच आहोत.

त्या सकाळचे छायाचित्र मित्राकडे आहे. धुके, दरड, तिच्या माथ्यावर तांबूस वासरू. छायाचित्र सुरेख आहे, आणि पाहणाऱ्याला ते वासरू कुतूहलाने पाहते आहे असेच वाटते. आम्ही ते कोणाला दाखवत नाही.

परतताना राधानगरीच्या बाजारात आम्ही म्हशीच्या गळ्यात बांधतात तशा तीन घंटा घेतल्या आणि सायकलींच्या दांड्यांना बांधल्या. दुकानदाराने किती म्हशी आहेत म्हणून विचारले. या गेल्या हिवाळ्यात आम्ही पुन्हा गेलो. वळणावर वेग कमी, घंटा सतत वाजती, दरडीत ढासळलेला उतार दिसला की न थांबता पुढे. तीन दिवसांत एकही गवा दिसला नाही. शेण दिसले, खुरे दिसली, एकदा धुक्यापलीकडे फुत्कार ऐकू आला. भूगोलवाला मित्र म्हणाला, एवढे पायडल मारून हातात काय पडले? उत्तर आमच्याकडे नव्हते. घंटा मात्र त्यानेही सोडली नाही.