गाडीचा श्वास

आपल्याजवळ जे आहे ते पुरेसे नाही, ही शंका एकदा मनात शिरली की सहजासहजी बाहेर पडत नाही. गेल्या एप्रिलमध्ये ती माझ्या मनात शिरली, आणि तिला निमित्त झाली माझी मोटारगाडी.

ही गाडी मी जुनीच विकत घेतलेली. इंजिन लहान, तीन सिलिंडरांचे. परंतु त्याला टर्बोचार्जर जोडलेला आहे. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या लोटाने एक छोटेसे चक्र फिरते. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला बसवलेले चक्र बाहेरची हवा ओढून घेते आणि दाबून इंजिनात लोटते. हा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेऊ शकतो. जो धूर एरव्ही वाया जायचा, त्याच्याकडूनच काम करवून घेण्याची ही युक्ती स्विस अभियंते आल्फ्रेड ब्यूखी यांची. १९०५ साली त्यांनी तिच्या पेटंटसाठी अर्ज केला. पुढे १९१८ साली सॅनफर्ड मॉस या अमेरिकन अभियंत्याने टर्बो जोडलेले विमानाचे इंजिन चौदा हजार फुटांहून उंच अशा पाइक्स पीक शिखरावर नेले आणि विरळ हवेतही ते जोर धरते हे दाखवून दिले.

एवढे सारे वाचलेल्या माणसाने शहाणपणाने वागावे, अशी कोणाचीही अपेक्षा असेल. पण त्या दिवशी बेळगावला जाताना चोर्ला घाटात माझ्याच जातीची एक गाडी सुस्कारे टाकीत माझ्या पुढे निघून गेली. घाटमाथ्यावर चहाच्या टपरीपाशी तिच्या तरुण मालकाने मोठ्या अभिमानाने बॉनेट उघडून दाखविले. एअर फिल्टरची मूळ काळी पेटी नाहीशी झाली होती. तिच्या जागी चकचकीत ॲल्युमिनियमची नळी आणि शंकूच्या आकाराचा लालभडक उघडा फिल्टर! "आता गाडी मोकळा श्वास घेते," तो म्हणाला. परतीच्या वाटेवर माझी गाडी मला दमेकऱ्यासारखी वाटू लागली.

या सामानाची किंमत होती चौदा हजार रुपये. पावसाळ्याआधी घराची फुटकी कौले बदलण्यासाठी तेवढेच पैसे मी बाजूला ठेवले होते. ते उचलून मी फोंड्याच्या एका गॅरेजात गेलो. तेथे माझा एक जुना विद्यार्थी काम करतो. वर्गात असताना त्याची उत्तरे नेहमी दोन ओळींची असत. मराठीच्या वहीत त्याच्या प्रत्येक उत्तराखाली मी लाल शाईने लिहीत असे, 'विस्तार अपुरा'. आणि गुणही तसेच देत असे.

त्याने माझे सगळे म्हणणे ऐकून घेतले आणि कोकणीत एवढेच म्हटले, "सर, गाडयेक वारें उणें ना." गाडीला हवा कमी नाही.

मी हट्ट सोडला नाही. तेव्हा तो म्हणाला, "बसवतो. पण आधी मोजूया." एका मोकळ्या चढणीवर तिसऱ्या गिअरमध्ये ताशी ३० पासून ६० किलोमीटरपर्यंत जायला किती वेळ लागतो, ते त्याने तीनदा मोजले. स्टिअरिंगखाली स्कॅनर जोडून आत जाणाऱ्या हवेचे तापमानही टिपले. मग क्लॅम्प सैल करून त्याने जुनी पेटी काढली, वर्तमानपत्रात नीट गुंडाळून फळीवर ठेवली, आणि नवी नळी बसवून पुन्हा तेच सारे मोजले.

आवाज बदलला, हे खरे. पाय उचलताच गाडी असा सुस्कारा टाकी, की मला लहान मुलासारखा आनंद होई. परंतु घड्याळात फरक दिसेना. बाजारपेठेच्या गर्दीत गाडी उभी राहिली, तेव्हा तर हवेचे तापमान पूर्वीपेक्षा १७ अंशांनी वर गेले.

कारण विचारल्यावर त्याने ते सांगितले. मूळ पेटी बंद असते आणि गाडीच्या तोंडाकडून बाहेरची थंड हवा घेते. उघडा फिल्टर बॉनेटखालची तापलेली हवा ओढतो. तापलेली हवा विरळ, म्हणजे तिच्यात प्राणवायू कमी. शिवाय पेट्रोल अवेळी भडकू नये म्हणून गाडीचा संगणकच इंजिनाचा जोर आवरता घेतो. टर्बोने हवा किती दाबायची, हेही तोच ठरवितो. दार रुंद केले म्हणून तो आपला हिशेब बदलत नाही. ज्या शर्यतीच्या गाड्यांत दाब वाढवून संगणकाची आज्ञावलीही बदललेली असते, तेथे मोठी वाट उपयोगी पडते. आपल्या गाडीला कागदी फिल्टर वेळेवर बदलला की पुरे. तेल लावलेल्या फिल्टरचे तेल जास्त झाले, तर ते हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या तारेवर बसते, ही आणखी एक कटकट.

हे सगळे आकडे त्याने एका वहीत दोन रकान्यांत लिहिले होते. अक्षर तेच, शाळेतले. पानाच्या शेवटी एक ओळ होती: 'फायदा नाही. उष्णता जास्त.' मी ती पुन्हा पुन्हा वाचली. तिच्यात एकही शब्द कमी नव्हता आणि जास्तही नव्हता.

"काढून टाक," मी म्हणालो. त्याने फळीवरची पेटी उतरवली आणि दहा मिनिटांत गाडी पहिल्यासारखी करून दिली. मजुरी घ्यायला तो तयार होईना. मी ती त्याच्या खिशात कोंबली. "तेव्हा तुझी उत्तरे मला कळली नाहीत रे," असे म्हणायचे माझ्या मनात होते. पण तो हात पुसत दुसऱ्या गाडीकडे वळला होता आणि माझे शब्द ओठांतच राहिले. म्हणून आज ते येथे लिहीत आहे. हे वार्षिक त्याच्याही घरी जाते.

जूनमध्ये पाऊस आला. स्वयंपाकघरात एका जागी गळू लागले आणि आईने न बोलता तेथे पातेले ठेवले. त्यात टपटप पडणाऱ्या थेंबांचा आवाज ऐकत मी सहामाहीच्या उत्तरपत्रिका तपासल्या. एका मुलीने पाच गुणांच्या प्रश्नाला तीन ओळींचे उत्तर लिहिले होते. लाल पेन सवयीने खाली आले आणि थांबले. मी त्या तीन ओळी पुन्हा वाचल्या. उत्तर पूर्ण होते.

लाल फिल्टर अजून माझ्या कपाटात आहे. विकला तर निम्मे पैसे येतील. पण या वर्षी कौलांचे पैसे मी पगारातूनच बाजूला टाकले आहेत.