कात्री कुणाच्या हातात?

टीव्हीवर आपला माणूस दिसतो तो बहुतेक दुसऱ्यानं दाखवलेला. तो रडतो, हात जोडतो. विचार करताना क्वचितच दिसतो.

आमच्या वस्तीचं पाणी तुटलं तेव्हा एक च्यानलवाले आले. आत्या तासभर बोलली. पाणी कुठं वळवलं, अर्ज कुठल्या टेबलावर अडला, सगळं सांगितलं. रात्री दिसली ती डोळ्याला पदर लावलेली आत्या. दहा सेकंद. बोलणं गायब. आत्या म्हणाली, "मी रडाया न्हवते हुबी ऱ्हायले रं, भांडाया ऱ्हायले व्हते."

म्हणून बीबीसीच्या 'व्हिडिओ नेशन'ची हकीकत आपल्याला ठाऊक हवी. तिथल्या कम्युनिटी प्रोग्रॅम युनिटनं १९७३ पासून 'ओपन डोअर'मधून लोकांच्या गटांना स्वतःचा कार्यक्रम करू दिला होता. त्याच विभागातल्या क्रिस मोर आणि मँडी रोझ यांनी १९९३ साली ब्रिटनभरच्या पन्नासेक साध्या माणसांच्या हातात वर्षभरासाठी कॅमेरे दिले. तुमचं जगणं तुम्हीच टिपा म्हणाले. १९९४ ते २००० बीबीसी टूवर त्यातले दोन-दोन मिनिटांचे तुकडे दाखवले गेले. आणि नियम असा, की ज्यानं चित्रण केलं त्यानं नको म्हटलं तर तुकडा दाखवायचा नाही.

हा नकाराचा हक्क आत्याला असता तर ते दहा सेकंद टीव्हीवर आलेच नसते.

पण एवढ्यावर भाळू नका. टेपा जमल्या दहा हजारांवर, तुकडे झाले तेराशेच्या आसपास. त्यातलं काय उचलायचं हे बीबीसीतले लोक ठरवायचे. नकार लोकांचा, निवड मालकाची. टीव्हीवरची वेळही मालकाचीच. ती संपली नि तुकडे टीव्हीवरून गेले.

'केसरी'नं 'मूकनायक'ची जाहिरात पैसे देऊ केले तरी छापली नव्हती. १९२० साली बाबासाहेबांनी स्वतःचं पत्र काढलं ते उगाच नाही.

आज आपल्या खिशात कॅमेरा आहे. अत्याचाराच्या गावात जाऊन आपण चित्रण करतो आणि तसंच च्यानलला पाठवून देतो. मग त्यांच्यात नि आपल्यात फरक काय? पाठवायच्या आधी त्या घरातल्या माणसाला दाखवा. तो नको म्हणाला तर काढून टाका. कापणं-जोडणं स्वतः शिका, वस्तीतल्या पोरीबाळींना शिकवा. आणि मूळ चित्रण आपल्यापाशी ठेवा.