मळच असेल!

कानाला दडा बसलाय म्हटलं की समोरच्याचं निदान तयार असतं : मळ असेल. नणंदेने फोनवरूनच सांगितलं, शेजारच्या कटलरीवाल्या भाऊंनी सांगितलं, अस्तराचं कापड घ्यायला आलेल्या एका बाईंनीही सांगितलं. त्यांचं मला काही नाही. पण ज्यांच्या गळ्यात स्टेथोस्कोप होता त्यांनीही कानात न डोकावता तेच सांगितलं, हे अजून मनातून जात नाही.

आमचं मॅचिंग सेंटर गुलमंडीवर, सुपारी मारुतीजवळ. विसर्जनाची मिरवणूक दारावरून जाते. आधी राजाबाजारचा संस्थान गणपती, मागे ढोलपथकं, आणि त्यांच्या मागे डीजेच्या भिंती. दुसऱ्या दिवशी उठले तर डावा कान बंद. दुखत नव्हतं, सर्दी नव्हती. आत बारीक शिट्टी वाजत होती, आणि फोन त्या कानाला लावला की पलीकडचं माणूस पत्र्याच्या डब्यात बसून बोलतंय असं वाटायचं.

नेहमीच्या दवाखान्यात गेले. गर्दी होती, मान्य. पण कानात बघायची छोटी दुर्बीण टेबलावरच पडलेली होती. हात लांब करायचा, उचलायची, बटण दाबायचं, एवढंच काम. मला विचारलं, “सर्दी झाली होती का?” मी नाही म्हटलं. चिठ्ठीवर मळ मऊ करायचे थेंब लिहिले, वर सर्दीची गोळी लिहिली. “आठवड्याने दाखवा.” मी उठायच्या आत पुढचा पेशंट स्टुलावर बसला होता.

मी इमानाने थेंब घातले. सासूबाईंनी लसूण टाकून तेल कढवलं, ते मात्र घालू दिलं नाही. पावसाळ्यात ओलसर कानात तेल गेलं की बुरशीला आयतं घर मिळतं, हे मी माहेरी पाहिलेलं आहे. जांभया दिल्या, आवंढे गिळले, नाक चिमटीत धरून हलकेच हवा दाबून पाहिली. घसा आणि कान यांना जोडणारी नळी सर्दीने किंवा घाट उतरताना बंद झाली तर या उपायांनी ‘टक्’ होऊन कान सुटतो. माझा सुटला नाही.

आठवडा संपत आला तेव्हा दुकानातली मुलगी म्हणाली, “काकू, घाटीत चला.” घाटी म्हणजे आमचं सरकारी मेडिकल. केसपेपर, रांग, सगळं झालं. शिकाऊ डॉक्टर माझ्या लेकीच्या वयाची. तिने दुर्बीण लावली. कान स्वच्छ, पडदा चकचकीत. मग खिशातून शाळेत पाहिलेला नादकाटा काढला, स्वतःच्या कोपरावर आपटला आणि त्याची दांडी माझ्या कपाळाच्या मधोमध टेकवली.

“आवाज कुठे येतोय?”

“उजवीकडे.”

तिने पुन्हा आपटला, पुन्हा टेकवला. पुन्हा उजवीकडेच. मग तिने वरिष्ठांना हाक मारली, आणि मी घाबरले.

तिने नंतर समजावलं ते इतकं सोपं होतं की मला रडू यायला लागलं. मळाने किंवा पडद्यामागच्या पाण्याने कान बंद असेल तर बाहेरचा आवाज अडतो, पण हाडातून येणारा आवाज त्याच बंद कानात मोठा ऐकू येतो. एका कानात बोट घालून तोंड मिटून ‘म्‌ऽऽ’ करून पाहा, घुमणं बोटाच्या बाजूला जातं. माझं उलट होत होतं. आवाज चांगल्या कानाकडे जात होता, म्हणजे बंद कानाची नसच पडली होती. तपासायला मिनिटही लागलं नाही. यंत्र नाही, वीज नाही. हा काटा १७११ साली इंग्लंडच्या जॉन शोअर नावाच्या तुतारीवाल्याने वाद्यं जुळवायला काढला, एवढी जुनी गोष्ट. आणि मी मळाचे थेंब घालत बसले होते!

ऑडिओमेट्री झाली. तीन दिवसांच्या आत, लागोपाठच्या तीन पट्ट्यांत ३० डेसिबल किंवा त्याहून जास्त घसरण झाली की त्याला अचानक आलेला नसेचा बहिरेपणा धरतात. माझी घसरण त्याहून बरीच होती. स्टेरॉइडच्या गोळ्या, मग पडद्यातून आत इंजेक्शन. हे उपचार पहिल्या काही दिवसांत आणि फार तर दोन आठवड्यांत सुरू झाले तर जास्त उपयोग होतो. थोडा कान परत आला, शिट्टी राहिली. आता गल्ला डाव्या भिंतीला हलवलाय, म्हणजे गिऱ्हाईक उजवीकडून बोलतं.

म्हणून सांगते, एकाच कानाला अचानक दडा बसला, त्यात शिट्टी किंवा चक्कर असेल, तर त्याच दिवशी कान-नाक-घसावाल्याकडे जा. पिना, काड्या, कापसाच्या कांड्या आत घालू नका. मळ खरंच असला तरी त्या तो आत ढकलतात.

डीजेला शिव्या घालायची मी तयारीच केली होती. व्यापारी भागात दिवसा ६५ आणि रात्री ५५ डेसिबलची मर्यादा २००० सालापासून कागदावर आहे. गुलमंडीवर नुसते हॉर्न ती ओलांडत असतील. पण डॉक्टर म्हणाल्या, आवाजाने बहुधा दोन्ही कानांना मार बसतो, आणि या आजारात बहुतेकांचं कारण सापडतच नाही. झालं, माझा आरोपीच सुटला! आणि खरं सांगायचं तर ढोल नसलेली मिरवणूक मलाही नको असते.

त्यांनी आणखी एक सांगितलं, काहींचा कान औषधाविनाही सुधारतो, काहींचा औषधाने सुधारत नाही. म्हणजे तो आठवडा वाया गेला नसता तरी कदाचित एवढंच ऐकू आलं असतं. हे कळूनही राग गेला नाही.

गेल्या महिन्यात रात्री नातवाचा कान ठणकायला लागला. त्या वेळी दार उघडणारा दवाखाना एकच, तोच. गेले. डॉक्टर पेन उचलायला लागले तेव्हा म्हटलं, “आधी कानात बघा.” सगळ्यांदेखत म्हटलं. त्यांना लागलं असावं. लागू दे.